बाटलीत अडकलेलं नाक

दोस्तांनो, हा लेख वाचायला बसण्याआधी स्वयंपाकघरात जा आणि स्टीलची एक स्वच्छ ताटली घेऊन या. आईनं विचारलंच तर सांगा, "विज्ञानाचा प्रयोग आहे." खोटं नाहीच ते! ताटली नाकाखाली आडवी धरा, तोंड मिटा आणि नाकानं एकदा सावकाश श्वास सोडा. ताटलीवर वाफेचे दोन डाग उमटले ना? आता नीट बघा. एक डाग मोठा आहे आणि एक लहान. कोणता मोठा, डावा की उजवा, ते वहीत लिहा आणि शेजारी वेळ टाका. तीन-चार तासांनी हाच प्रयोग पुन्हा करा. पुष्कळांच्या बाबतीत तेव्हा दुसऱ्या बाजूचा डाग मोठा झालेला असेल.

म्हणजे सर्दी-पडसं काही नसतानाही तुमची एक नाकपुडी थोडी मिटलेली असते, आणि काही तासांनी ती उघडून दुसरी मिटते. दोघी बहिणींनी आळीपाळीनं भांडी घासावीत तसा हा कारभार. काइझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८९५ साली याचं वर्णन लिहून ठेवलं. आपल्याकडच्या योगी मंडळींना तर ही गोष्ट फार पूर्वीपासून ठाऊक होती. तुमचे आजोबा कधी "आज माझा चंद्रस्वर चालू आहे" असं म्हणाले, तर समजा की त्यांची डावी नाकपुडी मोकळी आहे.

पण नाक मिटतं कशानं? आपल्याला वाटतं शेंबडानं. तो असतोच, पण खरा अडथळा वेगळाच आहे. नाकाच्या पोकळीत दोन्ही बाजूंच्या भिंतींवर शिंपल्यासारखी वळलेली तीन-तीन हाडं असतात. त्यांच्यावर ओलसर, गुलाबी कातडीचं अस्तर असतं आणि त्या अस्तरात बारीक रक्तवाहिन्यांचं दाट जाळं. या रक्तवाहिन्या भरल्या की अस्तर स्पंजासारखं फुगतं आणि हवेची वाट अरुंद होते. रिकाम्या झाल्या की अस्तर बसतं. बाहेरची थंड, कोरडी, धुळीची हवा गरम करायची, ओली करायची आणि गाळून मग फुप्फुसांकडे पाठवायची, हे काम हेच अस्तर करतं. माणूस दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो. एवढी हवा तापवायची तर बंब हवाच की!

सर्दी झाली की विषाणूंशी लढण्यासाठी या अस्तराकडे रक्ताचा ओघ वाढतो आणि ते वाजवीपेक्षा जास्त सुजतं. म्हणूनच कितीही जोरात नाक शिंकरलं तरी ते मोकळं होत नाही. जिथं सूज आहे तिथं शिंकरून काय निघणार? कपाळ!

आता येऊ या त्या छोट्या बाटलीकडे. मेडिकलमध्ये सहज मिळते. टोपण पिळून उघडायचं, मान मागे टाकायची, दोन थेंब इकडे, दोन थेंब तिकडे. आत औषध असतं झायलोमेटाझोलिन नाहीतर ऑक्सिमेटाझोलिन. हे औषध रक्तवाहिन्यांना "आकसा!" असा हुकूम देतं. त्या आकसतात, अस्तर बसतं आणि पाच-दहा मिनिटांत नाक असं मोकळं होतं, की जणू बंद खोलीची खिडकी कुणी उघडली. परिणाम आठ-दहा तास टिकतो. औषध चांगलं आहे, खोटं नाही. जोराच्या सर्दीत दोन-तीन रात्री झोप लागावी म्हणून डॉक्टर ते देतातही.

मग बिघडतं कुठं? तर चौथ्या-पाचव्या दिवशी.

तुमच्या वर्गातला मॉनिटर आठवा. बाई बाहेर गेल्या, तो उभा राहिला आणि पहिल्यांदा "शांत बसा!" म्हणून ओरडला, की वर्ग खरंच चिडीचूप होतो. पाच मिनिटांनी पुन्हा ओरडला, तर अर्धा वर्ग गप्प होतो. दहाव्यांदा ओरडला तर कुणी ढुंकूनही पाहत नाही, आणि तो पाणी प्यायला बाहेर गेला की पहिल्यापेक्षा दुप्पट गोंधळ! रक्तवाहिन्यांचंही असंच होतं. रोज रोज बाहेरून हुकूम आला की त्या तो ऐकेनाशा होतात. शिवाय शरीर स्वतःही त्यांना आकसण्याचा निरोप देत असतं. तो निरोप कमी होत जातो. मग औषधाचा अंमल उतरला, की रक्तवाहिन्या पहिल्याहून जास्त फुगतात. सर्दी केव्हाच बरी झालेली असते, पण नाक बंद! बंद म्हणून थेंब, आणि थेंबांमुळे पुन्हा बंद. डॉक्टरांना हा प्रकार १९४०च्या दशकापासून चांगला माहीत आहे. औषधामुळेच जडलेलं नाकाचं दुखणं अशा अर्थाचं लांबलचक लॅटिन नावही त्याला आहे. म्हणून हे थेंब तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय एकही दिवस नाही.

हे सगळं मी पुस्तकात वाचून सांगतोय असं समजू नका. मी स्वतः या चक्रात गरगर फिरलोय.

मी तेव्हा अकरावीत होतो. दिवाळीनंतर जोराची सर्दी झाली आणि रात्री झोप येईना. बाबांच्या दाढीच्या आरशाखालच्या फळीवर, साबणाच्या डबीशेजारी अशी एक बाटली कायम असायची. "दोन थेंब टाक, मोकळं होईल," बाबा म्हणाले. झालं! त्या रात्री मी राजासारखा झोपलो. सर्दी आठवड्यात गेली, पण बाटली गेली नाही. आधी रात्रीपुरती होती, मग सकाळी कॉलेजला निघताना, मग दुपारी प्रॅक्टिकलच्या आधी. जानेवारी उजाडेपर्यंत माझी स्वतःची बाटली झाली होती आणि ती खिशात असल्याशिवाय मी घराबाहेर पडत नव्हतो. बाटलीच्या पैशांसाठी मी आईला सांगायचो, "सायकल पंक्चर झाली." त्या वर्षी माझी सायकल बिचारी फार वेळा पंक्चर झाली!

फेब्रुवारीत आमचा ग्रुप राजगडावर गेला. गुंजवण्याच्या वाटेनं चढताना मध्येच थांबून खिसा चाचपला, तर बाटली नाही. एसटीत सीटखाली पडली असणार. दुपारपर्यंत काही वाटलं नाही. संध्याकाळी दोन्ही नाकपुड्या भिंत बांधल्यासारख्या बंद झाल्या. रात्री सगळे पद्मावतीच्या देवळात पथाऱ्या पसरून घोरायला लागले आणि मी बाहेर कट्ट्यावर बसलेलो. आडवं झालं की गुदमरायला व्हायचं. तोंडानं श्वास घेऊन घेऊन घसा असा कोरडा पडला, की थुंकी गिळवेना. आपण आता मरणार, असं मला त्या रात्री दोन-तीनदा तरी वाटलं. हसू नका! अंधारात एकट्यानं बसून बघा, म्हणजे कळेल. आमच्याबरोबर आलेले दादा उठले, त्यांनी चूल पेटवून कोरा चहा करून दिला आणि विचारलं, "एवढी सर्दी होती तर आलास कशाला?" त्यांना काय सांगणार? मला सर्दी नव्हतीच. सकाळी सगळे बालेकिल्ल्यावर गेले आणि मी डोकं धरून खालीच बसून राहिलो. बालेकिल्ला बघायला मला पुढे चार वर्षं लागली.

घरी आल्यावर आईनं चेहरा पाहिला आणि बाबांना माझ्याबरोबर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, "थेंब दिवसातून किती वेळा घालतोस?" मी म्हणालो, "दोनदा." त्यांनी वाद घातला नाही. नुसतं विचारलं, "एक बाटली किती दिवस पुरते?" मी बेसावध होतो. बोलून गेलो, "पाच दिवस."

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि गणित मांडलं. बाटली दहा मिलिलिटरची. एका मिलिलिटरचे साधारण वीस थेंब, म्हणजे बाटलीत दोनशे. एका वेळी दोन्ही नाकपुड्यांत मिळून चार थेंब. दोनशे भागिले पाच दिवस, चाळीस थेंब रोज. चाळीस भागिले चार. "म्हणजे दिवसातून दहा वेळा," ते म्हणाले. माझी मान खाली. पण खरी गंमत पुढे झाली. डॉक्टरांनी मान वळवून बाबांकडे पाहिलं आणि त्याच आवाजात विचारलं, "आणि तुमची बाटली किती दिवस पुरते?" बाबांच्या शर्टाच्या खिशातून पांढरं टोपण डोकावत होतं! बाबा गप्प. मग हळूच म्हणाले, "नऊ वर्षं झाली घेतोय मी."

औषध सोडायचा उपाय मात्र साधा होता. साधा म्हणजे सोपा नव्हे हं. डॉक्टर म्हणाले, आधी एकाच नाकपुडीत घालणं बंद करा. दुसरीनं श्वास चालू राहील, म्हणजे जीव घाबरणार नाही. पहिली मोकळी व्हायला लागली की दुसरीही सोडा. सोबत त्यांनी सूज उतरवणारा एक वेगळा फवारा लिहून दिला. तो पाच मिनिटांत जादू करत नाही. दिवसांमागून दिवस नेमानं घ्यावा लागतो, तोही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण त्याची अशी सवय जडत नाही. पहिल्या चार रात्री आम्ही बापलेक गॅलरीत खुर्च्या टाकून बसायचो, उशांना टेकून, तोंडं उघडी. आई म्हणायची, "दोन मासे बसलेत." माझं नाक बाराव्या दिवशी ताळ्यावर आलं. बाबांचं काही येईना. तेव्हा पुन्हा तपासल्यावर कळलं, की त्यांच्या नाकातला मधला पडदाच चांगला वाकडा आहे. मूळ दुखणं ते होतं, आणि नऊ वर्षं त्यावर नुसते थेंब पडत होते. पुढे त्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर महिन्याभरानं एका सकाळी बाबा बाहेरच्या खोलीतून ओरडून म्हणाले, "आज आमटीत हिंग जास्त पडला का गं?" आई म्हणाली, "रोज एवढाच असतो."

कितीतरी दिवस नाक बंद राहतं याचं कारण प्रत्येकाचं वेगळं असतं. कुणाला धुळीची अॅलर्जी असते, कुणाला गाजर गवताच्या परागांची. हे गवत पुण्याच्या परिसरात १९५०च्या दशकात पहिल्यांदा लक्षात आलं आणि आता माळरानं भरून बसलंय. लहान मुलांच्या नाकामागे एक गाठ असते, ती वाढली की मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं. आणि अगदी चिमुरड्यांच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचं पाणी येत असेल, तर बहुतेक वेळा आत शेंगदाणा, मणी नाहीतर खोडरबराचा तुकडा सापडतो! यातल्या एकाही दुखण्यावर बाटली हा इलाज नाही. उलट बाटलीमुळे खरं दुखणं झाकलं जातं.

"मग थेंब नको, सर्दीची गोळी घेऊ," असं कुणी म्हणेल. त्यातही गमती आहेत. सर्दीच्या अनेक गोळ्यांत फिनिलेफ्रिन नावाचं औषध असतं. पोटातून घेतलं तर त्यातलं बरंचसं आतड्यांत आणि यकृतातच मोडून जातं, नाकापर्यंत पोचतं फारच थोडं. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं बोलावलेल्या सोळा तज्ज्ञांनी एकमतानं सांगितलं, की तोंडानं घेतलेलं फिनिलेफ्रिन चोंदलेलं नाक मोकळं करत असल्याचा पुरावा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या प्रशासनानं हे औषध यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या औषध नियंत्रकांनी फिनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन यांच्या जोडऔषधाबद्दल आदेश काढला, की चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असा इशारा वेष्टनावर छापा. आईबाबांनो, घरातल्या सर्दीच्या सिरपची बाटली एकदा उजेडात धरून वाचाच.

दुसरं औषध स्यूडोएफेड्रिन. ते नाक मोकळं करतं, पण हुकूम फक्त नाकाला देत नाही, सगळ्या अंगाला देतं. काळजाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढू शकतो, झोप उडते. खेळाडूंनो, इकडे लक्ष द्या. २०००च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये रुमानियाची आंद्रेआ रादुकान ही सोळा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्सच्या वैयक्तिक सर्वसाधारण स्पर्धेत पहिली आली. सोळा म्हणजे आपल्या दहावी-अकरावीतली! गळ्यात सुवर्णपदक पडलं आणि काही दिवसांतच काढून घेतलं गेलं. कारण तिच्या लघवीत स्यूडोएफेड्रिन सापडलं. तिनं काही चोरून घेतलं नव्हतं. सर्दी झाली म्हणून संघाच्या डॉक्टरांनीच गोळी दिली होती. तिनं दाद मागितली, पण निकाल बदलला नाही. पदक तिचीच सहकारी सिमोना अमनार हिला मिळालं. सांघिक सुवर्ण आणि व्हॉल्टचं रौप्य तेवढं आंद्रेआकडे राहिलं आणि डॉक्टरांवर कारवाई झाली. पुढे २००४ साली ते औषध बंदीच्या यादीतून निघालं, आणि २०१० पासून ठरावीक प्रमाणाच्या वर सापडलं तर पुन्हा बंदी आली. मला विचाराल तर त्या मुलीवर अन्यायच झाला. पण तुम्ही शालेय स्पर्धांतून पुढे जाणार असाल, तर साध्या सर्दीची गोळीसुद्धा प्रशिक्षकांना आणि डॉक्टरांना विचारून घ्या.

एक गोष्ट मात्र गमतीची नाही. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर ही बाटली त्यांच्या हाती लागता कामा नये. ती छोटी असते, तोंडात घालून पिळायला सोपी असते. औषध पोटात गेलं तर लहान मूल एकदम सुस्तावतं, हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास मंदावतो. एक-दोन मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा निम्मा भागही नाही, एवढं पुरतं. असं झालंच तर "झोपलंय, झोपू दे" असं म्हणू नका. बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. आणखी एक. मोठ्यांच्या थेंबांत औषध मुलांच्या थेंबांच्या दुप्पट असतं. झायलोमेटाझोलिनच्या बाटलीवर ०.१ टक्का लिहिलं असेल तर ती मोठ्यांची, ०.०५ असेल तर मुलांची. "बाबांचीच आहे, थोडी घाल" हे आमच्या घरी चाललं, तुमच्या घरी नको.

मग सर्दी झाली तर करायचं काय? बहुतेक सर्दी आठ-दहा दिवसांत आपली आपण जाते. तोवर मिठाचं पाणी हा उत्तम सोबती. पेलाभर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात पाव ते अर्धा चमचा मीठ विरघळवायचं आणि ड्रॉपरनं थोडं थोडं नाकात सोडायचं. त्यानं चिकट शेंबूड सुटतो. हेच पाणी मेडिकलमध्ये तयारही मिळतं, आणि ते कितीही दिवस घातलं तरी नाक त्याला चटावत नाही. जलनेती करणाऱ्यांनी पाणी उकळून निववलेलंच घ्यावं, नळाचं तसंच नको. रात्री एक उशी जास्त घ्या. वाफ घ्यायची तर मोठं माणूस शेजारी हवं, कारण उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर उलटून पोळलेली मुलं दवाखान्यांत नेहमी येतात. ताप उतरत नसेल, कान दुखत असेल, धाप लागत असेल किंवा दहा दिवस उलटले तरी नाक बंदच असेल, तर डॉक्टरांकडे जायचं.

आणि आजीचा बाम? त्याच्या वासानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं ना? मेंथॉल नाकातल्या थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना जागं करतं. मेंदूला वाटतं, वा, गार हवा आत येतेय! सूज मात्र होती तेवढीच असते. नाकाची ही गोड फसवणूक मोठ्यांना चालते. तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ मात्र बाम नको आणि कापराची पुरचुंडीही नको. कापूर पोटात गेला तर बाळांना झटके येऊ शकतात. आजीला हे समजावून सांगायचं काम तुमचं. माझी आजी काही ऐकली नव्हती, पण तुमची ऐकेल.

बरं, ती ताटली कुठं ठेवलीत? धुऊन पुसून जवळच असू द्या. संध्याकाळी दिवे लागले की पुन्हा एकदा श्वास सोडून बघा, आणि या खेपेला कोणत्या बाजूचा डाग मोठा आला ते आम्हाला जरूर कळवा.